दुसरा ठोसा

डॅरेल प्रॉक्टरला त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट हवी होती: फेलेतीच्या हातचा एक ठोसा. तोंडावर, चार साक्षीदारांसमोर आणि जमलं तर रक्त निघेल असा. ही इच्छा त्याने मनात वगैरे ठेवली नव्हती. फेलेती कामावर आला त्या पहिल्याच दिवशी, डांबराच्या टाकीपाशी सगळी टोळी उभी असताना, त्याने ती बोलून दाखवली.

"एक दे फक्त. जास्त नको. पुढचं सरकार बघून घेईल."

फेलेतीला याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता. दोन वर्षांपूर्वी ग्रिफिथमधल्या एका बारच्या बाहेर त्याने ज्या माणसाचा जबडा फोडला तो वेन, हा डॅरेलचा धाकटा भाऊ. भांडण पुरतं आठवायचंही नाही इतकं फालतू होतं. पण वेनला तेव्हापासून डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि घास उजव्या बाजूनेच चावावा लागत होता. फेलेती तुरुंगात गेला. तो मूळचा टोंगा बेटांवरचा, पंधरा वर्षं ऑस्ट्रेलियात घाम गाळलेला, पण कागदावर अजून पाहुणाच. सुटताना अधिकाऱ्याने त्याला समोर बसवून सांगितलं होतं की या वेळी तुझ्या मुलीकडे बघून ठेवून घेतोय. पुन्हा कुणावर हात उचललास तर थेट विमानात बसवू आणि मग या देशाचं तोंड कधीच दिसणार नाही.

मुलगी म्हणजे लविनिया. तेरा वर्षांची, इथेच जन्मलेली, टोंगा फक्त फोटोत पाहिलेली. बाप सुटून घरी आला तेव्हा ती त्याच्यासमोरून उठून आत गेली होती. कितीतरी आठवडे तिने त्याला हाक मारली नाही. आत्ता कुठे संध्याकाळी फोनवर "जेवलात का बाबा?" एवढं विचारायला लागली होती. त्या एका वाक्यासाठी फेलेती दिवसभर मूग गिळून राहायचा, आणि मूग गिळणं हा त्याचा स्वभाव नव्हे.

दोघांना एकाच टोळीत घेतलं ग्लेनिसने. नवरा गेल्यावर रस्त्यांचा धंदा एकटीने चालवणारी, साठीची, उन्हाने रापलेली बाई. तिला दोघांमधलं वैर ठाऊक होतं. पण त्या माळावर फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, सावलीतसुद्धा चामडी भाजून निघते अशा दिवसांत, उकळत्या डांबराशी झटायला माणसं मिळतात कुठे? डॅरेल तिच्याकडे वीस वर्षं होता. फेलेतीला दुसरं कुणी उभं करत नव्हतं. "मला दोघंही लागतात," ती म्हणाली. "एकमेकांचे मुके घ्या असं मी म्हणत नाही."

काम रबराच्या रस्त्याचं होतं. शहरातले लोक टायर झिजवून फेकतात, त्यांचे डोंगर होतात, एखाद्या डोंगराला आग लागली की आठ-आठ दिवस काळा धूर निघतो. मग कुणीतरी ते टायर दळून मोहरीएवढा चुरा करतं, पोत्यांत भरतं आणि ती पोती येतात इथे, बालरानल्डच्या पुढच्या या सपाट, निर्मनुष्य माळावर. टँकरमधलं डांबर तापवायचं, वरच्या झाकणातून त्यात चुरा ओतायचा, तासभर शिजू द्यायचं आणि रस्त्यावर फवारून वर खडी दाबायची. असा रस्ता उन्हात फाटत नाही, मालवाहू गाड्यांखाली दबत नाही. शिजवण्याची गंमत अशी की एकदा चुरा पडला की माघार नाही. वेळेत फवारलं नाही तर ते टाकीतच घट्ट होतं आणि मग टाकी भंगारात.

आणि एक नियम. पोतं ओतण्याआधी त्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा. चुरा कोरडा लागला तरच ओतायचा. दोनशे अंशाच्या डांबरात ओल गेली की तिची क्षणात वाफ होते आणि सगळी टाकी उतू जाते. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. पाळायचा कोण? तर एकटा फेलेती. घामेजल्या हाताला तो चुरा चिकटला की रात्रीपर्यंत अंगाची आग होते, आणि या माळावर तर नोव्हेंबरपासून पावसाचा थेंब पडलेला नव्हता. ओल येणार कुठून?

"पाद्रीबुवा पोत्याला आशीर्वाद देतायत बघा," डॅरेल खालून म्हणायचा. फेलेतीने दारू सोडली आणि मारामारी सोडली म्हणून त्याचं नाव पाद्री.

नुसत्या नावावर भागलं असतं तर बरं. डॅरेलने त्याच्या बुटात मेलेला तपकिरी साप घातला. त्याच्या चहात थुंकला, आणि थुंकताना तो बघतोय ना याची खात्री करून घेतली. एकदा रस्त्यात एक कांगारू पडलं होतं, मागचे पाय मोडलेलं, अजून धडपडणारं. असं जनावर सापडलं की एका घावात सोडवायचं, एवढी माणुसकी त्या भागात दारुडाही पाळतो. डॅरेलने फावडं घेतलं आणि मुद्दाम हळूहळू, पाच-सहा घावांत मारलं. प्रत्येक घावाला फेलेतीकडे बघत विचारत होता, "वेन असाच पडला होता ना रे? असाच?" फेलेतीने शेवटी फावडं त्याच्या हातातून ओढून घेतलं, एकदाच मारलं आणि जनावर शांत झालं. फावडं त्याने परत दिलं नाही, लांब फेकून दिलं. तो डॅरेलला घाबरत नव्हता. त्या फावड्याचा पुढचा घाव कुठे घालावासा वाटला होता, त्याला घाबरत होता.

त्या गुरुवारी सकाळी मात्र डॅरेलने सगळी कसर भरून काढली. फेलेती टँकरच्या मागे फवाऱ्याच्या तोट्या साफ करत वाकला होता.

"काल तुझी पोरगी ग्रिफिथला दिसली आमच्या वेनला," डॅरेल मागून म्हणाला. "बाजारात. वेनने ओळख दिली. म्हणाला, पोरी, तुझ्या बापाचं काम बघ, आणि तोंड उघडून दाखवलं. रडली म्हणे."

फेलेती सरळ झाला. "तिला मध्ये आणू नकोस, डॅरेल."

"आणलं. मग?"

"पाया पडतो तुझ्या. तिला सोड."

"पाया नको पडूस," डॅरेल म्हणाला, "हात उचल." आणि त्यानेच उचलला. मूठ फेलेतीच्या नाकावर बसली, हाड मोडल्याचा आवाज त्याला आपल्याच डोक्यात ऐकू आला. दुसरी बरगडीत बसली. तिसऱ्या खेपेला डॅरेलने फावड्याचा दांडा त्याच्या नडगीवर घातला आणि फेलेती गुडघ्यावर आला. दोन्ही हात त्याने कंबरेच्या पट्ट्यात खुपसून ठेवले होते, बोटं पट्ट्याभोवती आवळून. रक्त हनुवटीवरून छातीवर गळत होतं. डोळ्यांपुढे लाल झालं होतं, आणि त्या लालीत एकच विचार होता की हात बाहेर काढला तर हा माणूस जिवंत राहणार नाही.

"काढ की हात. ए पाद्री. काढ."

ग्लेनिस धावत आली ती लोखंडी पाना घेऊनच. तो तिने डॅरेलच्या पाठीत असा हाणला की तो टँकरवर आपटला.

"माझ्या साइटवर?" ती म्हणाली. "माझ्या?"

"बघ ना, मार खाऊन बसलाय नुसता. बायल्या."

"तो बसलाय म्हणून तू उभा आहेस, गाढवा." ती धापा टाकत होती. "आज संध्याकाळी तू घरी. वीस वर्षं गेली खड्ड्यात. पण टाकी तापलीय, खडीचे ट्रक रांगेत उभे आहेत, आणि मला आत्ता दुसरा माणूस आणता येत नाही. फेलेती, तू खाली तोट्यांवर. डॅरेल, तू वर, चुरा ओत. एकमेकांच्या दहा हातांत आलात तर दोघांनाही मी याच टाकीत बुडवीन."

चुरा ओतण्याचं काम फेलेतीचं होतं. ते असं डॅरेलकडे गेलं.

पोती एका ट्रेलरवर उघड्यावरच रचलेली होती. त्या माळावर बसायला दगड नाही, टेकायला झाड नाही. त्यामुळे ती पोतीच टोळीचा सोफा होती, आणि सगळ्यात वरच्या पोत्यावर कायम डॅरेलची बर्फाची पेटी असायची, म्हणून ते पोतं कुणी हलवत नसे. पाणी, बिअर, सँडविच, सगळं त्यातच. ग्लेनिससुद्धा तिथेच बसून जेवायची. पेटीच्या बुडाचं बूच सैल होतं. वितळलेला बर्फ दिवसचे दिवस थेंबाथेंबाने खालच्या पोत्यात मुरत होता, आणि वरून उन्हाने पोतं खडखडीत दिसत होतं. हे नंतर कळलं. त्या वेळी डॅरेलने पेटी उचलून बाजूला ठेवली, पोतं खांद्यावर घेतलं आणि शिडी चढला. जड लागलं असेलही, पण रागात माणसाला वजन कळत नाही. हात घालून बघणं तर दूरच; पाद्रीचे चोचले तो कशाला करील?

फेलेती तोट्यांपाशी होता. नाकात कापडाचे बोळे, तोंडाने श्वास. त्याने वर पोत्याचं तोंड फाडल्याचा आवाज ऐकला आणि मग एक आवाज आला जो त्याने आधी कधी ऐकला नव्हता. टाकीच्या पोटातून, खोल, गुरगुरल्यासारखा. पुढच्या क्षणी झाकणातून काळा फेस उसळला. माणसापेक्षा उंच गेला आणि टाकीच्या दोन्ही अंगांनी खाली कोसळला.

डॅरेल शिडीवरून पाठीवर पडला. चेहऱ्याची उजवी बाजू, गळा आणि उजवा हात काळा झाला होता, आणि त्या काळ्यातून धूर निघत होता. आधी तो ओरडलाच नाही. नुसतं तोंड उघडं होतं. मग जे ओरडला ते ऐकून रांगेतले ट्रकवाले दारं उघडून उतरले आणि जागच्या जागी थिजले.

"बर्नर!" ग्लेनिस किंचाळली आणि गॅसच्या चावीकडे पळाली, कारण तो फेस ज्योतीपर्यंत पोचला असता तर कुणीच उरलं नसतं.

फेलेती पळाला तो डॅरेलकडे. फेसाने त्याच्या बुटांचे तळवे वितळत होते. त्याने डॅरेलला पट्ट्याला धरून ओढत पाण्याच्या टँकरखाली नेलं आणि तोटी पूर्ण सोडली. पाणी तोंडावर पडताच डॅरेल उसळला. आणि त्याने जे केलं ते कुणीही करील: चेहऱ्यावरचं डांबर ओरबाडायला लागला.

डांबराने भाजलं की ते काढायचं नसतं. पाणी ओतत राहायचं, गार करायचं आणि तसंच ठेवायचं. ते चामडीला बसलेलं असतं, ओढलं की चामडीसकट येतं. हेही सगळ्यांना तोंडपाठ. पण जळणाऱ्या माणसाला काय पाठ असतं? डॅरेलने डाव्या हाताने गालावरचा एक तुकडा उपटला, आणि त्याखाली कच्चं मांस दिसलं.

"नको! डॅरेल, हात काढ. हात काढ तिथून."

त्याने मनगट पकडलं. डॅरेलने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला, मांस तुटेपर्यंत. लाथ मारली, ती सकाळच्याच नडगीवर. मनगट सुटलं. ओलं, रक्ताने निसरडं झालेलं. डॅरेलची बोटं आता उजव्या डोळ्यावर होती, पापणीवर जमलेल्या डांबराच्या कडेखाली नखं गेली होती. आता तो ओढणार आणि पापणी जाणार, पापणीमागे डोळा जाणार.

फेलेतीने मारलं. डाव्या गालावर, पुरत्या ताकदीने. दोन वर्षांत पहिल्यांदा.

डॅरेलचं डोकं वळलं, हात गळून पडला. डोळा वाचला. शुद्ध अर्धी गेली होती, तो विव्हळत होता, बोटं चिखलात नुसती हलत होती. झालं होतं. आता फक्त हात धरून ठेवायचा आणि पाणी ओतायचं, एवढंच उरलं होतं.

फेलेतीने पुन्हा मारलं.

या दुसऱ्याची गरज नव्हती. ते त्याला मूठ वर जाताना कळत होतं, खाली येताना कळत होतं. जबडा मुठीखाली सरकला आणि त्याला बरं वाटलं. नुसतं बरं नव्हे, आनंद झाला. साप, थुंकी, कांगारू, बाजारात रडलेली पोर, सगळं त्या एका ठोशात रिकामं झालं. तिसऱ्यासाठी मूठ वर गेलीच होती. मग त्याला ती मूठ दिसली आणि तो हादरला. त्याने ती उघडली, डॅरेलचे दोन्ही हात आपल्या गुडघ्यांखाली दाबले आणि त्याच्या तोंडावर पाणी सोडत बसला. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो उठला नाही. सबंध वेळ तो रडत होता, आणि लोकांना वाटलं की मित्रासाठी रडतोय.

दुसऱ्या दिवशी टिआर्नी नावाची तरुण हवालदार आली. ग्लेनिसने तिला झालेलं सगळं सांगितलं: बर्फाची पेटी, ओलं पोतं, पाण्याचा टँकर. "या माणसाने त्याचा डोळा वाचवला. मी बर्नरवर होते, पण ट्रकवाल्यांनी पाहिलंय."

"ट्रकवाल्यांनी याला त्याच्या छातीवर बसून मारताना पाहिलंय," टिआर्नी म्हणाली. तिने फेलेतीच्या सुजलेल्या नाकाकडे बघितलं. "काल सकाळी तुमचं भांडण झालं होतं."

"झालं होतं," फेलेती म्हणाला.

"त्याच्या भावाला तूच मारलं होतंस."

"मीच."

"मग मी काय समजू?" ती वाईट नव्हती, खरंच विचारत होती. "हे बघ, मी ठरवणारी कोण? तो बोलण्यासारखा झाला की त्याला विचारणार. वाचवायला मारलं म्हणाला तर फाइल इथेच बंद. राग काढला म्हणाला, तर मला ती वर पाठवावी लागेल. मग तुला ठाऊक आहे."

त्या रात्री फेलेतीच्या बायकोने, मेलेआनेने, फोन लविनियाच्या हातात दिला. पोर जेवणाचं विचारायला विसरली.

"तुम्ही मारलंत, बाबा?"

"त्याचा डोळा जात होता, बाळा."

"म्हणजे मारावंच लागलं."

फेलेतीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो," तो म्हणाला. हे अर्धंच खरं होतं. ती मात्र हसली, मोकळं, खूप दिवसांनी. त्या हसण्याने त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दीडेक आठवड्याने मेलबर्नच्या इस्पितळातून टिआर्नीचा निरोप आला. तिने फेलेतीलाही यायला सांगितलं होतं. ग्लेनिसने रात्रभर गाडी चालवली आणि वाटेत एकदाच बोलली. "पेटी मीच त्या पोत्यावरून खाली ठेवायला हवी होती. मी तिथं बसून जेवत होते रे." खोलीत यायचं मात्र तिच्याने झालं नाही; ती बाहेरच्या बाकावर बसली.

खोलीत डॅरेल पाठ टेकून बसला होता. उजवी बाजू पट्ट्यांत, उजवा हात पट्ट्यांत, जबडा तारेने बांधलेला. पण दोन्ही डोळे उघडे होते. डांबर डॉक्टरांनी तेल लावून, कितीतरी दिवस लावून, अलगद सोडवलं होतं. पलंगाशेजारी एक सडपातळ माणूस पेल्यात नळी धरून त्याला सूप पाजत होता. त्याने मान वळवली, तेव्हा वाकडं तोंड दिसलं. वेन. फेलेती दारातच थांबला. पळून जावंसं वाटलं त्याला.

टिआर्नी वेळ न घालवता म्हणाली, "डॅरेल, मी विचारते, तुम्ही मान हलवा. याने तुम्हाला मारलं?"

डॅरेलने मान डोलावली.

फेलेतीने डोळे मिटले. विमान, टोंगा, भावाच्या घराची पडवी, आणि कधीतरी फोनवर ऐकू येणारी, मोठी होत गेलेली मुलगी. सगळं एका दमात येऊन गेलं.

"राग काढायला?"

डॅरेलने मान हलवली. नाही.

"डोळ्यावरचं तुम्ही ओढत होतात म्हणून?"

हो.

"गालाचं हाड मोडलंय आणि जबडाही. दोन ठिकाणी. किती वेळा मारलं?"

डॅरेलने डावा हात चादरीवरून उचलला आणि तर्जनी वर केली. एक.

"एकाच ठोशात दोन्ही?"

बोट तसंच वर राहिलं, हललं नाही. टिआर्नीने त्या बोटाकडे बघितलं, मग फेलेतीच्या हातांकडे, दरवाजाच्या चौकटीला धरलेल्या त्या रुंद पंजांकडे. तिने खांदे उडवले. "असेल बाबा," ती म्हणाली, टोपी घेतली आणि फेलेतीच्या बाजूने वाट काढत निघून गेली. तिचे बूट जिन्यावरून उतरल्याचं ऐकू आलं.

डॅरेल फेलेतीकडे बघत होता. बोट अजून वरच होतं. मग त्याने, सावकाश, शेजारचं बोट उघडून त्याच्या बाजूला उभं केलं.

नाकारायचं म्हटलं असतं तर शब्द होते. टिआर्नी गेली होती, प्रकरण मिटलं होतं. "हो," तो म्हणाला. "दुसऱ्याची गरज नव्हती. तो मी माझ्यासाठी मारला."

डॅरेलने हात खाली घेतला. एवढंच त्याला ऐकायचं असावं, किंवा त्याहून जास्त, पण तारांनी बांधलेल्या तोंडातून ते येणार नव्हतं. वेनने पेला टेबलावर ठेवला. त्याने भावाच्या त्या दोन बोटांकडे पाहिलं होतं, आणि आता तो दारातल्या माणसाला आपल्या बऱ्या कानाची बाजू वळवून, नीट, वरपासून खालपर्यंत न्याहाळत होता.

"मला चार मारले होतेस," वेन म्हणाला. "पहिल्यातच मी आडवा झालो होतो."